पर्समधली गोळी

अगं, काल फोनवर तू सहज म्हणालीस, "पोटात मुरडा आला की पर्समधली गोळी टाकते, जळजळलं तरी तीच." आई शेजारी बसली होती म्हणून गप्प राहिले. आज सांगते.

ती स्ट्रिप उलटी करून मागचं बारीक वाच. डायसायक्लोमिन १० मिलीग्रॅम, मेफेनॅमिक ॲसिड २५० मिलीग्रॅम. गोळी एक, औषधं दोन. आतड्याला 'आवळ' असा नसांमार्फत जो निरोप जातो, तो पहिलं औषध अडवतं. म्हणून कळ सुटते. दुसरं वेदनाशामक, आणि त्यानं जठराचं अस्तर दुखावतं, अल्सरसुद्धा होऊ शकतो. जळजळीवर ही गोळी म्हणजे आगीत तेल!

एके काळी ॲसिड कमी करायला निरोप अडवणारी औषधं अल्सरवरही देत. पण तोंडाला कोरड पडायची, दिसायला धूसर व्हायचं. पुढे ॲसिडवरच्या नव्या गोळ्या आल्या. १९८२ मध्ये मार्शल आणि वॉरन यांनी अल्सरमागचा पोटातला जिवाणू शोधला, २००५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आता तो जिवाणू सापडला तर अँटिबायोटिक देतात.

हा निरोप फक्त पोटालाच जात नाही गं. लाळेला, डोळ्याला, लघवीच्या पिशवीलाही जातो, आणि गोळी तो तिथेही अडवते. महाशिवरात्रीला पिंडीवर वाहतो त्या धोत्र्याचं विषही असंच काम करतं.

हे मी पुस्तकात वाचून शिकले नाही. गेल्या वर्षी बाबांच्या पोटात कळा येत होत्या. प्रोस्टेट वाढलंय हे माहीत असून मी शहाणीनं माझ्याकडची गोळी दिली. पहाटे तीनला बघते तर बाथरूममध्ये नळ सोडून उभे, थेंब उतरत नव्हता. सकाळी नळी घालावी लागली. वर मलाच म्हणाले, "पोट मात्र थांबलं हो!"

सासूबाईंना काचबिंदू आहे ना? त्यांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नकोस. वहिनीचं बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत डायसायक्लोमिनचे थेंब नकोच. तुला पाळीत घ्यावी लागते, तर एकदा डॉक्टरांशी बोल, आणि घेशील ती जेवून. काळी शी झाली किंवा उलटीत रक्त दिसलं, तर गोळी शोधत बसू नकोस, सरळ दवाखाना गाठ.

आणि ऑफिसात कुणी "एक दे गं" म्हणालं, तर आधी विचार: डोळ्यांचं काही आहे का, लघवी साफ होते का? हसतील. हसू देत. त्या रात्री मी बाबांना विचारलं नव्हतं.