नाव तेच, इंजिन दुसरं

पिकअपवाल्याचा ज्या इंजिनावर जीव जडलेला असतो, ते इंजिन बहुतेक वेळा कारखान्यातून कधीच बंद झालेलं असतं. बॉनेटवरचं चिन्ह तेवढं तेच राहतं. नवी गाडी घेणाऱ्याने सगळ्यात आधी हे समजून घ्यायला हवं, असं माझं ठाम मत आहे आणि त्यासाठीच हे लिहितो आहे.

आमच्या नारायणगाव-ओतूर पट्ट्यात घराघराची कंपनी ठरलेली असते. आजोबांकडे जीप होती म्हणून वडिलांनी त्याच कंपनीची पिकअप घेतली, वडिलांची होती म्हणून मुलगाही तीच घेतो. टोमॅटोच्या हंगामात बाजाराच्या आवारात गाड्या रांगेला लागल्या की क्रेट उतरेपर्यंत विषय एकच: माळशेज चढताना कोणाची गाडी दम टाकत नाही आणि कोणाचं इंजिन अजून खोललेलं नाही. या निष्ठेला मी नावं ठेवणार नाही, ती त्या इंजिनांनी कमावलेली आहे. महिंद्राच्या जुन्या डिझेल इंजिनाचं मूळ फ्रान्सच्या प्यूजोकडे जातं. बजाज टेम्पोच्या गाड्यांत मर्सिडीजचं ओएम ६१६ इंजिन असायचं, ते परवान्यावर इथेच बनायचं. टाटाची ४०७ तर १९८६ पासून रस्त्यावर आहे. मायकोचा पंप, चार नोझल आणि पान्यांची पिशवी एवढ्यावर यांचं भागायचं. डिझेल संपून गाडी बंद पडली तरी लाइनमधली हवा काढली की पुन्हा चालू. कोणत्याही फाट्यावरच्या मिस्त्रीला आवाजावरून दुखणं कळायचं.

ते दिवस आता गेले. १ एप्रिल २०२०पासून देशभर बीएस-६ हे प्रदूषणाचं मानक लागू झालं. डिझेलमधलं गंधक ५० पीपीएमवरून १० पीपीएमवर आलं. त्याआधीच जुन्या पंपाची जागा कॉमन रेलने घेतली होती. त्यात डिझेलचा दाब दीड-दोन हजार बारपर्यंत जातो आणि इंजेक्टरच्या आतल्या फटी मायक्रॉनमध्ये मोजाव्या लागतात. एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारी जाळी आली, तिला डीपीएफ म्हणतात. जुन्या इंजिनाने जे खपवून घेतलं, ते हे इंजिन खपवून घेत नाही. आपण मात्र कंपनीचं नाव बघतो आणि जुन्याच सवयींनी नवी गाडी चालवतो.

अमेरिकेतही हेच घडलं. फोर्डच्या पिकअपमधलं ७.३ लिटरचं पॉवर स्ट्रोक डिझेल नॅव्हिस्टार बनवायची आणि मालक त्याच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवायचे. २००३मध्ये त्याच नावाने, त्याच नॅव्हिस्टारचं ६.० लिटरचं नवं इंजिन आलं. पुढे हेड गॅस्केट आणि ईजीआर कूलरच्या तक्रारींनी ते गाजलं आणि दोन्ही कंपन्या कोर्टात गेल्या. नाव पाहून गाडी घेणाऱ्यांची त्यात होरपळ झाली.

आता आमच्या घरचं सांगतो. जुनी पिकअप विकून वडिलांनी त्याच कंपनीची नवी बीएस-६ गाडी घेतली. जुनी वाशीला जायची. नवीला काम लागलं ते शेतावरून क्रेट उचलून बाजारात टाकायचं: चार-पाच किलोमीटर जायचं, थांबायचं, बंद करायची, परत चालू करायची. दिवसभर पहिला-दुसरा गिअर. आमचा ड्रायव्हर हुशार आणि प्रामाणिक, रोज सकाळी न चुकता ऑईल बघायचा. एकदा आनंदाने म्हणाला, "शेठ, नवी गाडी ऑईलचा थेंब पीत नाही बघा. उलट वाढल्यासारखंच वाटतंय." ऑईल कमी झालं की काळजी करायची, हे आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. वाढलं तर काय, हे कोणी शिकवलंच नव्हतं.

टर्बोची शिट्टी वाढली, गाडी पिकअप घेईना, तेव्हा एका जाणत्या मिस्त्रीने डिपस्टिक काढली. ऑईल वरच्या खुणेच्या बोटभर वर होतं. त्याने दोन बोटांत चोळलं तर ते पाण्यासारखं सुटलं, चिकटपणा औषधालाही नव्हता. नाकाजवळ नेलं, तर वास सरळ डिझेलचा. टर्बो गेला होता, बेअरिंगांवर चरे पडले होते. त्या हंगामाची कमाई गॅरेजमध्ये गेली.

हे का झालं, ते नीट समजून घ्या. डीपीएफमध्ये काजळी साठली की इंजिन ती स्वतःच जाळतं. त्यासाठी ज्वलन संपता संपता सिलेंडरमध्ये थोडं जादा डिझेल सोडलं जातं, म्हणजे एक्झॉस्ट सहाशे अंशांच्या आसपास तापतो. या कामाला सलग पंधरा-वीस मिनिटं चालती गाडी लागते. गाडी मध्येच बंद केली तर काम अर्धवट राहतं, पुन्हा सुरू होतं, पुन्हा तुटतं. प्रत्येक वेळी थोडं न जळलेलं डिझेल सिलेंडरच्या भिंतीवरून, रिंगांच्या बाजूने खाली ऑईलमध्ये उतरतं. ऑईल पातळ होतं आणि त्याच ऑईलवर टर्बो मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेत असतो.

म्हणून गाडी घेण्याआधी आपलं काम बघा. रोज घाट उतरून मुंबईला जाणारी गाडी आणि गावात फिरणारी गाडी या दोन वेगळ्या गाड्या आहेत, कंपनी एकच असली तरी. दिवसभर थांबत-थांबत फिरायचं असेल तर सीएनजीची किंवा इलेक्ट्रिक गाडी परवडते का, हा हिशेब मांडा. डिझेलच घ्यायची असेल तर आठवड्यातून एकदा तरी तिला मोकळ्या रस्त्यावर अर्धा तास एकसारखी पळवा. आळेफाट्यापर्यंत जाऊन आलात तरी चालेल. डीपीएफचा दिवा लागला असताना चावी काढू नका.

ऑईल कॅनवरचं वाचून घ्या. डीपीएफच्या गाडीला कमी राखेचं ऑईल लागतं, कारण काजळी जळते पण ऑईलमधली राख जळत नाही, ती जाळीत कायमची बसते. बॅरलमधलं सुटं ऑईल स्वस्त पडतं, पण ही जाळी बदलायला निघालात तर तो स्वस्तपणा महागात पडतो. मॅन्युअलमध्ये लिहिलेली ग्रेडच मागा आणि पक्कं बिल घ्या, वॉरंटीच्या वेळी तेच कामी येतं.

डिझेल घरच्या पिंपातून भरायची सवय सोडा. पावसाळ्यात पिंपाच्या तळाशी पाणी साठतं. फिल्टरखालचा स्क्रू सैल करून काचेच्या बाटलीत थोडं काढा आणि ठेवून द्या: वर पिवळसर डिझेल, खाली पाण्याचा वेगळा थर दिसेल. जुन्या पंपाने ते गिळलं असतं, कॉमन रेलचा इंजेक्टर गंजतो आणि चारही बदलायची वेळ येते.

आणखी एक जुनी खोड म्हणजे गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकणं. तो काढला की इंजिन थंडच राहतं, काजळी वाढते, डीपीएफ आणखी लवकर भरतो. गाडी तापत असेल तर रेडिएटर, पंप, हेड गॅस्केट तपासा. कूलंटऐवजी बोअरचं पाणी ओतू नका, आत क्षार बसतात. ओव्हरलोडबद्दल वेगळं काय सांगायचं? दीड टनाच्या गाडीत अडीच टन भरले तर कोणतीच कंपनी वाचवू शकत नाही.

सेकंडहॅंड घेताना गाडी रात्रभर थंड ठेवून सकाळी तुमच्यासमोर चालू करायला लावा. ऑईलचं झाकण उघडून बघा, धूर झटके मारत बाहेर येत असेल तर रिंगा गेल्या आहेत. डीपीएफ कापून रिकामा केलेला असेल तर ती गाडी पीयूसीला आणि पासिंगला अडकेल, सोडून द्या. आणि स्कॅनर लावल्याशिवाय पैसे मोजू नका.

कंपनी कोणती, हा प्रश्न मी आता शेवटी विचारतो. आधी विचारतो, हेच इंजिन आणि हेच मॉडेल आपल्या भागात कोणाकडे आहे, आणि स्कॅनर असलेलं सर्व्हिस सेंटर किती लांब. मग त्या मालकाकडे जातो, त्याच्या ड्रायव्हरशी बोलतो. मालक कंपनीचं कौतुक करतो, ड्रायव्हर गाडीचं खरं सांगतो. तुमच्याही गाडीवर ड्रायव्हर असेल तर त्याला डॅशबोर्डवरचा एकेक दिवा बोट ठेवून समजावा. सकाळी डिपस्टिक काढल्यावर ऑईल खालच्या खुणेच्या खाली असो की वरच्या खुणेच्या वर, चावी न फिरवता आधी फोन करायचा, हे त्याच्याशी पक्कं ठरवून घ्या.