शिकवणीच्या तासात बोलतं कोण?

गेल्या जूनमध्ये एका गृहस्थांचा फोन आला. मुलीची बारावी झालेली. तिला इंग्रजी साहित्य घेऊन बी.ए. करायचं होतं, जोडीला स्पॅनिश. आणि पुढे एकेका विद्यार्थ्याला साहित्य, निबंधलेखन आणि बोलती स्पॅनिश शिकवून पोट भरायचं होतं. वडिलांची तक्रार साहित्याबद्दल नव्हती, स्पॅनिशबद्दल तर नव्हतीच. "पण शिकवण्या? बाकी काही जमलं नाही की माणसं त्या घेतात ना हो?" मी अठरा वर्षं तेच करते आहे, हे वाक्य संपल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

मला राग आला नाही, कारण त्यांचं अर्धं बरोबर होतं. गाइडमधली उत्तरं उतरवून देणं हीच शिकवणी असेल, तर त्यात मुलीने पडू नये. आता ते काम फोनसुद्धा फुकट करतो. मी मुलीला फोन द्यायला सांगितला आणि तिला म्हटलं, "शेजारच्या एखाद्या आठवीतल्या मुलाचा निबंधाचा तास घे. चाळीस मिनिटं. फोनवर रेकॉर्ड कर, आणि नंतर ऐकताना फक्त तू किती मिनिटं बोललीस ते मोज."

स्पॅनिशमध्ये याचा हिशेब लगेच दिसतो. तीस जणांच्या वर्गात तासाभरात एकेकाच्या वाट्याला फार तर दोन मिनिटं बोलणं येतं, तेही शिक्षक तोंडाला कुलूप लावून बसले तर. एकट्या विद्यार्थ्याला चाळीस मिनिटं मिळू शकतात. शिकवणाऱ्याने ती खाल्ली नाहीत तर!

आपली मुलं स्पॅनिशकडे इंग्रजीच्या दारातून जातात आणि उंबऱ्यातच अडखळतात. 'आय लाइक कॉफी'च्या साच्यात 'मी' शोधत बसतात. स्पॅनिश म्हणते 'मे गुस्ता एल काफे', म्हणजे सरळ 'मला कॉफी आवडते'. आपल्याकडे आंबा आवडतो आणि आंबे आवडतात. तिकडेही 'गुस्ता'चं 'गुस्तान' होतं. एका नववीतल्या मुलाला मी यातलं काहीच सांगितलं नाही. आवडणाऱ्या पाच गोष्टी आधी मराठीत सांग, मग स्पॅनिशमध्ये, एवढंच म्हटलं. तिसऱ्या गोष्टीला तो थांबला. "मॅम, हे तर आपल्यासारखंच आहे!" त्यानंतर ती चूक त्याने केली नाही. मी नियम फळ्यावर लिहिला असता, तर तो दर आठवड्याला विसरला असता. इंग्रजीचे ट-ड मध्ये आणले नाहीत तर स्पॅनिशचे त-द मराठी जिभेवर तयारच असतात. पोर्तुगिजांकडून आपल्याकडे आलेले 'पगार' आणि 'मेज' हेही तिकडे ओळखीचे निघतात: 'पागार' म्हणजे पैसे देणं, 'मेसा' म्हणजे टेबल. कठीण भाग पुढे आहे. आपल्या एका 'आहे'साठी तिथे 'सेर' आणि 'एस्तार' अशी दोन क्रियापदं आहेत, आणि ती व्याख्येने येत नाहीत, बोलून बोलून येतात.

स्वतः स्पॅनिश शिकवायची तर प्रमाणपत्र हवं. भाषा-कौशल्याच्या युरोपीय चौकटीत ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा पायऱ्या आहेत. 'डेले' ही परीक्षा इन्स्टिट्यूटो सर्व्हांतेस घेते. दिल्लीतलं त्यांचं केंद्र २००९ मध्ये सुरू झालं. वाचणं, ऐकणं, लिहिणं, बोलणं या चारही गोष्टी तपासून मिळणारं हे प्रमाणपत्र कायमचं असतं. 'सिएले' या दुसऱ्या परीक्षेचं पाच वर्षं चालतं. बी-२ वर थांबून शिकवायला लागणारे पुष्कळ आहेत. माझं मत विचाराल तर सी-१ शिवाय दुसऱ्याच्या बोलण्यातल्या चुका नीट ऐकू येत नाहीत. तीन महिन्यांत अस्खलित, अशी जाहिरात दिसली की पान उलटावं. पदवीच स्पॅनिशमध्ये करायची असेल तर दिल्लीचं जेएनयू आणि हैदराबादचं इफ्लू ही विद्यापीठं आहेत. शाळेत नोकरीची वाट मोकळी ठेवायची तर बी.एड., कॉलेजसाठी एम.ए. करून नेट किंवा सेट.

निबंधाच्या शिकवणीत पैसा आहे आणि मोहही तिथेच आहे. अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या सामायिक अर्जात साडेसहाशे शब्दांच्या आत स्वतःविषयी लिहायचं असतं. पालक हळू आवाजात म्हणतात, "मॅडम, जरा तुम्हीच लिहून द्या ना, फीचं बघू." नाही म्हटल्यावर काही जण पुन्हा येत नाहीत. असं लिहून देण्यावर संसार चालवणारे मला माहीत आहेत. पण तोच निबंध आता यंत्र मिनिटात देतं, त्यामुळे त्या धंद्याचं फार दिवस खरं नाही.

एका मुलाचा मसुदा समाजसेवेच्या आवडीने सुरू झाला होता. चौथ्या परिच्छेदात, बहुधा चुकून, एक ओळ आली होती: आजी दुधाच्या खाड्यांचा हिशेब कॅलेंडरवर ठेवते. मी विचारलं, गावाला गेल्यावर खाडा कोण मांडतं? मग तो वीस मिनिटं बोलला. दूधवाल्याचं भांडण, आजीचं गणित, एकदा आजीच चुकली तेव्हा तिने सगळ्यांसमोर मागितलेली माफी. मी फक्त टिपून घेत होते. समाजसेवा त्याने स्वतःच काढून टाकली.

यूपीएससीच्या मुख्य परीक्षेतही निबंधाला अडीचशे गुण आहेत, तीन तासांत दोन निबंध, आणि ते मराठीतही लिहिता येतात. क्लासेस ढिगाने आहेत. एकेक निबंध समोर बसून वाचणारा माणूस शोधावा लागतो.

साहित्याचं काय, असं वडिलांनी नंतर विचारलंच. आयबी या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमातल्या साहित्याच्या विषयात विद्यार्थ्याला दहा मिनिटं एकट्याने बोलावं लागतं आणि मग पाच मिनिटं शिक्षकांच्या प्रश्नांना तोंड द्यावं लागतं. तिथे पाठ केलेलं फार पुरत नाही. माझ्याकडची एक मुलगी स्पॅनिश नाटककार लोर्काचं 'बेर्नार्दा आल्बाचं घर' हे नाटक वाचत होती. १९३६ मध्ये लोर्काने ते लिहून पुरं केलं आणि त्याच उन्हाळ्यात त्याची हत्या झाली. नवरा गेलेली आई बेर्नार्दा, पाच मुली, आठ वर्षांचं सुतक. गोविंद निहलानींनी त्यावर 'रुक्मावती की हवेली' हा चित्रपट केला आहे. मी तिला जोडीला एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' वाचायला दिलं. तिथेही घरचा कर्ता गेलेला, आणि शिकायचं राहून गेलेली प्रभा. मग विचारलं, बेर्नार्दा पहिल्यांदा तोंड उघडते तेव्हा काय म्हणते आणि शेवटी काय म्हणते? तिने पानं उलटली. दोन्हीकडे गप्प बसण्याचा हुकूम. त्यावरून ती जे बोलत सुटली ते मला कुठल्याच गाइडमध्ये सापडलं नसतं.

कमाईचं खरं सांगायचं तर ती सरळ रेषेत येत नाही. परीक्षेआधी श्वास घ्यायला वेळ नाही, मे महिन्यात घर रिकामं. महिन्याची फी आगाऊ घ्यावी आणि आयत्या वेळी रद्द झालेल्या तासाचा नियम पहिल्याच दिवशी सांगावा. ओळखीत नंतर तोंड उघडत नाही. परदेशातली मराठी कुटुंबं ऑनलाइन विद्यार्थी देतात, पण घड्याळ बघा. न्यू जर्सीत उन्हाळ्यात संध्याकाळचे सहा म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेतीन. त्यामुळे त्यांची शनिवार सकाळ आणि आपली संध्याकाळ, एवढीच वेळ जुळते. दुबईचं सोपं आहे, दीडच तासाचा फरक. पहिली दोन वर्षं दुसरी अर्धवेळ नोकरी असलेली बरी.

पंधरवड्याने त्या मुलीचा फोन आला. आवाज पडलेला. चाळीसपैकी एकतीस मिनिटं ती स्वतःच बोलली होती. मी म्हटलं, पुन्हा घे, त्याच मुलाचा. ऑगस्टमध्ये तिचा मेसेज आला, त्यात एकच आकडा होता: चोवीस. खाली वडिलांनी त्याच फोनवरून लिहिलं होतं, "मॅडम, रेकॉर्डिंग मीही ऐकलं. तो मुलगा मजेशीर बोलतो."