जुना डीएसएलआर की नवा मिररलेस? कॅमेऱ्यासाठी कर्ज देण्याआधी गटाने शिकायचा पाठ



शिवणयंत्र, शेळी, पिठाची गिरणी यासाठी गटातून कर्ज द्यायचं म्हटलं की आपल्याला लगेच अंदाज येतो. शेळी किती दूध देईल, गिरणीवर किती दळण येईल, हे आपण घरात पाहिलेलं असतं. पण एखादी ताई म्हणाली की मला कॅमेऱ्यासाठी कर्ज पाहिजे, तर बैठकीत सगळ्या एकमेकींकडे बघतात. गिरणाकाठच्या आपल्या एका गटात या जानेवारीत तसंच झालं. म्हणून हा पाठ.

ही ताई आधी मोबाईलवर गटाच्या बिबड्यांचे आणि उडीद पापडांचे फोटो काढायची. मग गावातल्या बायका तिला हळदीला, डोहाळे जेवणाला बोलवू लागल्या. कारण साधं आहे. बायकांच्या कार्यक्रमात बाई फोटो काढणारी असली की बायका मोकळ्या हसतात, नाचतात. पुरुष फोटोग्राफर आला की पदर सावरत बसतात. ताईला हा धंदा नीट करायचा होता, आणि मोबाईलचे फोटो अल्बमला कमी पडत होते.

आता माझी चूक सांगते. मला विचारलं तेव्हा मी मोबाईलवर दोन-तीन व्हिडिओ बघितले आणि सांगून मोकळी झाले, "नवा मिररलेसच घ्या, जुनं कशाला?" तेव्हा गटाच्या अध्यक्ष मावशी म्हणाल्या, "ताई, श्रावणमा हप्ता कोठून भरसूत?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या प्रश्नापासून आम्ही परत सुरुवात केली.

१. दोन्हीत फरक काय?

डीएसएलआर कॅमेऱ्याच्या पोटात एक छोटा आरसा तिरपा बसवलेला असतो. लेन्समधून आलेला उजेड आरशावर पडतो, वर वळतो आणि आपल्या डोळ्यापर्यंत येतो. म्हणजे आपण खरं दृश्यच बघत असतो. बटण दाबलं की आरसा वर उचलला जातो, मागच्या सेन्सरवर उजेड पडतो आणि फोटो निघतो. तो 'खट्' आवाज मुख्यतः आरशाचा आणि शटरचा.

मिररलेसमध्ये आरसा नाही. उजेड सरळ सेन्सरवर पडतो आणि आपल्याला छोट्या पडद्यावर चित्र दिसतं, मोबाईलसारखं. आरसा नसल्यामुळे कॅमेरा लहान आणि हलका होतो. फोटो उजळ येईल की काळा, हे बटण दाबायच्या आधीच बरंचसं कळतं. पण पडदा आणि सेन्सर सतत चालू राहतात, म्हणून बॅटरी जास्त खाल्ली जाते.

२. आम्ही कोणते दोन कॅमेरे तोलले?

एक, वापरलेला कॅनन ईओएस ७००डी. हा २०१३ सालचा डीएसएलआर. दुसरा, नवा कॅनन ईओएस आर१००. हा २०२३ साली आलेला, सुरुवात करणाऱ्यांसाठीचा मिररलेस.

- फोटोचा आकार: जुना १८ मेगापिक्सेल, नवा २४. अल्बमचं १२ बाय १८ इंचाचं पान छापायला १८ मेगापिक्सेल पुरतात. त्याचा फोटो ५,१८४ ठिपके रुंद असतो, म्हणजे १८ इंचात दर इंचाला २८८ ठिपके. छपाईला साधारण ३०० चांगले धरतात. त्यामुळे इथे फार फरक नाही.
- वजन (लेन्स सोडून): जुना सुमारे ५८० ग्रॅम, नवा सुमारे ३५६ ग्रॅम. पाच तास गळ्यात अडकवला की हा फरक मानेला कळतो.
- बॅटरी: जुन्यात डोळा लावून काढले तर एका चार्जमध्ये सुमारे ४४० फोटो. स्क्रीनवर बघून काढले तर निम्म्याहून कमी. नव्यात सुमारे ४००, आणि डोळा लावून काढले तर त्याहूनही थोडे कमी. लाईटचा भरवसा नसलेल्या गावात दोन्हीला दुसरी बॅटरी हवीच.
- फोकस: इथे नवा सरळ पुढे आहे. तो चेहरा आणि डोळा स्वतः शोधतो. जुन्यात डोळा लावून बघताना नऊ ठिकाणांवर फोकस धरता येतो, आणि कुठे धरायचा ते आपणच शिकायचं.
- स्क्रीन: नवा आहे म्हणून सगळं जास्त असेल असं समजू नका. आर१०० ची स्क्रीन स्पर्शाने चालत नाही आणि फिरतही नाही. जुन्या ७००डी ची स्क्रीन स्पर्शाने चालते आणि बाहेर काढून फिरवता येते.
- व्हिडिओ: जुना व्हिडिओत फोकस हळू धरतो आणि अर्धा तास व्हायच्या आत रेकॉर्डिंग आपोआप थांबवतो. नव्यात फुल एचडी व्हिडिओला फोकस चांगला. खोक्यावर 'फोर-के' लिहिलेलं असतं, पण या मॉडेलमध्ये फोर-के काढताना चित्र कडेने कापलं जातं आणि तो चांगला फोकस मिळत नाही. म्हणून फक्त त्या दोन अक्षरांसाठी पैसे देऊ नका.
- मोबाईलवर फोटो: नव्यात वाय-फाय आहे, जुन्यात नाही. जुन्याला मोबाईलला जोडायचा कार्ड रीडर घ्यावा लागतो. तो स्वस्त असतो.

३. अंधारात लेन्स कामाला येते

आपल्याकडे हळद संध्याकाळी आणि मंडप पिवळ्या बल्बचा. अशा ठिकाणी कॅमेऱ्यापेक्षा लेन्सचं तोंड किती उघडतं याला महत्त्व आहे. हा आकडा 'एफ'ने लिहितात आणि तो जितका लहान, तितका उजेड जास्त. जुन्याबरोबर येणारी १८-५५ लेन्स झूम केल्यावर एफ ५.६ असते. नव्याबरोबरची १८-४५ लेन्स झूमला एफ ६.३, म्हणजे अजून थोडी अंधारी. ५० एमएमची छोटी लेन्स मात्र एफ १.८ असते. ती ५.६ च्या मानाने नऊ-दहा पट उजेड आत घेते.

म्हणजे जुना कॅमेरा आणि ५० एमएम लेन्स ही जोडी अंधाऱ्या मंडपात नव्या कॅमेऱ्याच्या सोबतच्या लेन्सपेक्षा चांगलं काम देऊ शकते. मर्यादाही लक्षात ठेवा. या लेन्समध्ये झूम नाही, आणि लहान खोलीत सगळं घर एका फोटोत मावत नाही. तिथे साधी लेन्सच लावायची.

अजून एक कामाची गोष्ट. कॅननची जुन्या पद्धतीची लेन्स अडॅप्टर लावून नव्या मिररलेसवर चालते. नवी मिररलेस लेन्स मात्र जुन्या बॉडीवर बसत नाही. म्हणून आज घेतलेली जुनी लेन्स उद्या फुकट जात नाही.

४. हिशोब फळ्यावर मांडला

हे आकडे आम्हाला त्या वेळी सांगितलेले आहेत. तुमच्याकडे वेगळे येतील, पण पद्धत हीच ठेवा.

जुना: बॉडी आणि लेन्स २०,००० + दुसरी बॅटरी १,५०० + कार्ड ७०० + वापरलेली ५० एमएम लेन्स ५,००० + दुरुस्तीसाठी बाजूला २,८०० = ३०,००० रुपये.

नवा: कॅमेरा आणि लेन्स ४६,५०० + दुसरी बॅटरी ४,००० + कार्ड ७०० + अंधारासाठी नवी लेन्स १४,८०० = ६६,००० रुपये.

व्याज शेकडा १ रुपया महिना, उरलेल्या रकमेवर. ३०,००० बारा सारख्या हप्त्यांत फेडले तर व्याज १,९५०. ६६,००० चोवीस हप्त्यांत फेडले तर व्याज ८,२५०. एका कार्यक्रमात खर्च जाऊन हातात १,५०० राहतात असं धरलं, तर जुन्यासाठी एका वर्षात २२ कार्यक्रम लागतात आणि नव्यासाठी दोन वर्षांत ५०.

वर्षाचं बघितलं तर २२ आणि २५, फार फरक वाटत नाही. पण सचिव ताईने विचारलं, "सहा महिन्यांत काम बंद पडलं तर?" तेव्हा चित्र बदललं. जुन्यात १५,००० बाकी राहतील, आणि कॅमेरा-लेन्स विकून ते बरेचसे भरून निघू शकतात. नव्यात ४९,५०० बाकी राहतील, आणि दुकानातून बाहेर पडला की नव्या वस्तूचा भाव उतरलेलाच असतो. ते पैसे गटातल्या सगळ्यांचे आहेत, ही गोष्ट विसरून चालणार नाही.

मग मावशींचा श्रावण. चातुर्मासात लग्नाचे मुहूर्त नसतात, म्हणून सारखे हप्ते ठेवलेच नाहीत. फेब्रुवारी ते जून पाच महिने ३,७५० मुद्दल आणि व्याज. जुलै ते ऑक्टोबर फक्त व्याज, महिना ११२ रुपये ५० पैसे. नोव्हेंबरपासून परत तीन हप्ते. अशा फेडीत एकूण व्याज १,८०० होतं, म्हणजे सारख्या हप्त्यांपेक्षाही कमी, कारण सुरुवातीला मुद्दल लवकर उतरतं. ठराव असाच लिहिला आणि सगळ्यांनी सह्या केल्या.

५. वापरलेला कॅमेरा तपासायचा कसा?

पहिल्या दुकानातला कॅमेरा बाहेरून चकचकीत होता. लेन्स उजेडात धरली तर आत जाळ्यासारखी बुरशी. आम्ही हात जोडून बाहेर आलो. कॅमेरा दुसरीकडे मिळाला. घ्यायच्या आधी हे बघा:

१. लेन्समध्ये मोबाईलची टॉर्च मारा. बुरशी, ओरखडे, धुकं दिसतंय का?
२. एफ १६ ठेवून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे.
३. जवळची आणि लांबची वस्तू, दोन्हीवर फोकस धरतो का बघा.
४. बॅटरी फुगलेली नको. फ्लॅश, सगळी बटणं, कार्डची जागा तपासा.
५. किती फोटो काढून झालेत ते विचारा. या वर्गातल्या शटरचं आयुष्य साधारण एक लाख फोटो धरतात. ७००डी मध्ये हा आकडा फोटोच्या माहितीत दिसत नाही, कॅमेरा संगणकाला जोडून बघावा लागतो. दुकानदाराला बघून द्यायला सांगा.
६. पक्कं बिल घ्या, आणि बिल कर्ज घेणाऱ्या ताईच्याच नावाने. घरात कॅमेरा आला की भाचा, दीर, शेजारी सगळ्यांना तो हवा असतो. हप्ता ताईचा, तर कॅमेरा ताईचा. हेही ठरावात लिहा.

एक धोकाही सांगते. २०२० नंतर कॅनन आणि निकॉनचं नवं डीएसएलआर मॉडेल आलेलं दिसत नाही. त्यांचं सगळं लक्ष मिररलेसकडे आहे. पुढे जुन्याचे सुटे भाग मिळणं अवघड होत जाईल. म्हणून जुना कॅमेरा ही पहिली पायरी समजा आणि कमाईतून थोडे पैसे पुढच्यासाठी बाजूला टाकत राहा.

६. पुढे काय झालं?

पहिल्याच हळदीत निम्मे फोटो हलले. नवरीची आई फोटो बघून म्हणाली, "फोटो चांगला शे, पन मी कोठे शे?" ताईने त्या कार्यक्रमाचे अर्धेच पैसे घेतले. मग रोज संध्याकाळी अंगणात खेळणाऱ्या पोरांवर तिने सराव केला. मधल्या ठिकाणाने डोळ्यावर फोकस धरायचा, बटण अर्धं दाबून ठेवायचं, मग चौकट जुळवायची. महिन्याभरात हात बसला. मे महिन्यातल्या आपल्या उन्हात कॅमेरा गाडीच्या डिकीत ठेवायचा नाही, आणि धुळीत लेन्स बदलायची नाही, हेही ती शिकली.

मोकळ्या वेळात ती गटाच्या मालाचे फोटो काढते. आपल्याच चाळीसगावात केकी मूस (१९१२ ते १९८९) यांनी घरात टेबलावर छोट्या वस्तू मांडून, त्यावर उजेड टाकून काढलेल्या फोटोंनी नाव मिळवलं. केळीचे वेफर्स आणि काळा मसाला यांनाही तेवढंच लागतं: एक टेबल, खिडकीचा उजेड, समोरून उजेड परतवायला पांढरा पुठ्ठा.

पाचही हप्ते वेळेवर आले. आज तिच्याकडे ११,२५० बाकी आहेत आणि चातुर्मास लागला आहे. कानबाईच्या रोटाला दोन घरांनी तिला बोलावलंय. नोव्हेंबरचा हप्ता येईल की नाही ते तेव्हा कळेल.

मग नवा कधी घ्यायचा? ज्या ताईला मुख्यतः व्हिडिओचंच काम करायचंय, जिच्याकडे आधीच बांधलेली गिऱ्हाईकं आहेत, आणि जिचा स्वतःचा निम्मा तरी पैसा आहे, तिने मिररलेस घ्यावा. बाकीच्यांनी जुन्यावर हात बसवावा.

बैठकीत चर्चेसाठी

१. आपल्या गावात वर्षभरात कोणते कार्यक्रम कोणत्या महिन्यात होतात? यादी करा.
२. कर्ज मागणाऱ्या ताईकडे आज किती गिऱ्हाईकं आहेत?
३. काम सहा महिन्यांत थांबलं, तर बाकी रक्कम कशी फिटेल?
४. हप्ते सारखे ठेवायचे की हंगाम बघून?

उत्तरं इतिवृत्तात लिहा. पुढच्या भेटीत मी ती वाचणार आहे.

– तुमची क्षेत्र समन्वयक