ओढ्याची प्रकृती कशी ओळखावी?

ग्रामीण भागात पाण्याचा विचार बहुधा विहीर, बंधारा व कालवा यांपुरताच केला जातो. शिवारातून वाहणारा ओढा मात्र दुर्लक्षित राहतो. वस्तुतः शिवारात जे जे घडते त्याची नोंद ओढ्यात होत असते. बांधावरून वाहून आलेली माती, पिकाने न घेतलेले खत, फवारणीचे औषध, गोठ्याचे व वस्तीचे सांडपाणी हे सर्व अखेरीस त्याच्याच पात्रात येते. काठच्या विहिरींत हेच पाणी पाझरते आणि अशा विहिरींवर अनेक गावांच्या नळपाणी योजना चालतात. ओढ्याच्या प्रकृतीशी गावाचे आरोग्य असे थेट निगडित आहे.

पात्र आणि काठ

परीक्षेचा आरंभ डोळ्यांनी करावा. निरोगी ओढ्यात खळखळते उथळ पाणी व संथ डोह आलटून पालटून आढळतात. तळाशी निरनिराळ्या आकाराचे दगडगोटे असतात. करंज, उंबर, जांभूळ यांसारखी झाडे काठाची माती धरून ठेवतात व पाण्यावर सावली धरतात. ऊस थेट काठापर्यंत लावला की हे कवच नाहीसे होते. मग गाळ दगडांच्या फटींत बसतो आणि तेथे राहणाऱ्या जीवांचा आसरा जातो.

प्रवाह मोजणेही सोपे आहे. १० मीटर अंतर आखून त्यात लाकडाचा तुकडा सोडावा. त्यास ४० सेकंद लागले तर पृष्ठभागाचा वेग सेकंदास पाव मीटर झाला. रुंदी १ मीटर व सरासरी खोली २० सेंटिमीटर असल्यास, आणि तळाशी वेग कमी असतो म्हणून उत्तरास ०.८ ने गुणल्यास, सेकंदास सुमारे ४० लिटर प्रवाह येतो.

पाण्याची परीक्षा

पाण्यात विरघळलेला प्राणवायू हा जलचरांचा श्वास होय. २५ अंश सेल्सिअस तापमानास स्वच्छ पाण्यात तो लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम मावतो. स्नानायोग्य पाण्यात तो किमान ५ मिलिग्रॅम असावा, असा दंडक आहे. मात्र मोजणीची वेळ महत्त्वाची ठरते. खतांमुळे शेवाळ माजलेल्या ओढ्यात दुपारी सूर्यप्रकाशामुळे प्राणवायू भरपूर दिसतो. रात्री तेच शेवाळ तो वापरते व पहाटे मासे तडफडू लागतात. म्हणून मोजणी पहाटे व दुपारी अशी दोन वेळा करावी. केवळ दुपारच्या आकड्यावर विसंबल्यास आजारी ओढा निरोगी ठरेल.

दुसरी महत्त्वाची बाब नायट्रेटची. आडसाली उसास हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस आहे. केवळ युरियातून द्यावयाचे झाल्यास ही मात्रा सुमारे ८७० किलो होते. ती योग्य हप्त्यांत न देता एकदम टाकली व वर पाट मोकळा सोडला, तर बरेचसे नत्र झिरपून जाते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे. तिच्यावरील पाण्यामुळे तान्ह्या बालकांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटते. पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते, हे घरोघरी सांगणे आवश्यक आहे.

जीवसृष्टीची साक्ष

पाण्याचा नमुना त्या घटकेपुरते सांगतो. तळाशी आठवडे वा महिने राहणारे कीटक मात्र मागील काळाचीही साक्ष देतात. प्रवाहाच्या खालच्या बाजूस जाळी धरून वरील तळ तीन मिनिटे पायाने ढवळावा आणि जाळीतील जीव पांढऱ्या थाळीत पाहावेत. शेपटीस दोन-तीन लांब तंतू असलेली मेफ्लायची पिले व वाळूकणांचे घर करून राहणाऱ्या कॅडिसफ्लायच्या अळ्या पुष्कळ प्रकारच्या असतील, तर पाणी चांगले समजावे. चतुर व टाचणी यांची पिले मध्यम प्रदूषण सहन करतात. केवळ लाल अळ्या व गाळातील बारीक गांडुळे उरली असतील, तर सांडपाण्याचा भार फार झाला असे मानावे. निरीक्षणानंतर जीव पुन्हा पाण्यात सोडावेत.

निष्कर्ष आणि उपाय

एका ठिकाणच्या एका पाहणीवरून निर्णय करू नये. गावाच्या वरच्या अंगास एक व खालच्या अंगास एक अशी दोन ठिकाणे कायम ठरवून तेथे पावसाळ्यानंतर नोव्हेंबरात व पुन्हा फेब्रुवारीत पाहणी करावी. आपल्याकडील बरेच ओढे उन्हाळ्यात आटतात. तेव्हा जीव न दिसणे हा रोग समजू नये. वर जीव विपुल व खाली विरळ असतील, तर दोष मधल्या टप्प्यात आहे हे उघड होते.

नायट्रेटची प्राथमिक तपासणी २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनमधील संचाने होऊ शकते. शंका आल्यास नमुना प्रयोगशाळेकडे पाठवावा. शाळेतील विद्यार्थ्यांनी शिक्षकांच्या देखरेखीखाली नोंदवही ठेवावी व ती ग्रामसभेपुढे मांडावी. उपाय खर्चिक नाहीत: काठालगत गवत व झाडांचा पट्टा राखणे, खत हप्त्यांनी देणे, सांडपाणी शोषखड्ड्यात जिरविणे, फवारणीचे पंप ओढ्यात न धुणे. खोलीकरणाचा ठराव करतानाही विचार हवा. यंत्राने पात्र सरळ व सपाट केल्यास पाणी साठेल, परंतु डोह, दगडगोटे व काठची झाडे एकाच दिवसात नाहीशी होतील. पाणी साठविताना ओढाही जिवंत राहील, याची दक्षता ग्रामपंचायतीने घ्यावयास हवी.