आधी नक्कल, मग दुरुस्ती

नागपूरच्या रामदासपेठेत पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास रेंगाळू लागला, की माणसांच्या आणि यंत्रांच्या सर्व दोषांचे खापर उन्हावर फोडण्याची मोठी सोय होते. म्हणूनच २०२४ च्या मे महिन्यात शेजारचे वकीलकाका, "अरे, संगणक फार हळू चालून राहिला, उन्हानंच असेल," असे म्हणाले, तेव्हा त्या निदानास त्यांच्या घरात कोणी हरकत घेतली नव्हती. मी गेलो होतो निराळ्याच कामाने. परंतु एक साधे छायाचित्र उघडण्यास लागलेला विलंब, ते उघडल्यावर खालच्या अर्ध्या भागी दिसलेला राखी पट्टा, आणि टेबलाखालच्या पेटीतून येणारी, मधेच अडखळून पुन्हा वेग धरणारी घरघर, ही तिन्ही लक्षणे एकाच वेळी ध्यानी आली आणि मी काकांना संगणक तत्काळ बंद करावयास सांगितले.

त्या पेटीत काय होते हे सांगितल्यावाचून माझी घाई कळावयाची नाही. काकांचे घराणे मालगुजारांचे, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांचे. १९५१ मध्ये मालगुजारी संपुष्टात आली, तरी तिचे दप्तर, म्हणजे जमाबंदीची पत्रके, वाजिब-उल-अर्जाच्या (गावच्या वहिवाटींच्या नोंदीच्या) नकला, वाटणीचे कागद आणि मोडीतील पत्रव्यवहार, कॅनॉल रोडलगत राहणाऱ्या त्यांच्या धाकट्या बंधूंकडे तळमजल्यावरच्या एका पत्र्याच्या ट्रंकेत सुखाने नांदत होते. वकिली थांबविल्यानंतर काकांनी त्या सर्व कागदांची छायाचित्रे घेतली आणि मोडीचे देवनागरीत लिप्यंतरही स्वहस्ते टंकून ठेवले. पुढे २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे, अवघ्या काही तासांच्या पावसाने अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदी वस्तीत शिरली, तेव्हा त्या ट्रंकेतील कागदांचा लगदा झाला. घरातील माणसे वाचली या समाधानात कागदांचा शोक फार दिवस टिकला नाही. परंतु आजवर ज्यांस आपण नकला म्हणत आलो ती छायाचित्रे त्या पहाटेपासून अस्सल झाली, आणि त्या अस्सलाची नक्कल कोठेच नाही, ही गोष्ट मात्र कोणाच्या लक्षात आली नव्हती.

हार्ड डिस्कच्या पोटात चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्या मिनिटास ५४०० किंवा ७२०० फेरे घेत असतात, आणि त्यांवरील मजकूर वाचणारे शीर्ष तबकडीस स्पर्श न करता, मिलिमीटरच्या दहा लाखांश भागाइतक्या नॅनोमीटरच्या मापाने मोजावयाच्या अत्यल्प अंतरावर तरंगत असते. हे अंतर एकदा चुकले, शीर्ष तबकडीस घासले, तर निघालेला सूक्ष्म कीस आतच फिरत राहतो आणि पुढच्या घर्षणास निमित्त होतो. म्हणून आजारी डिस्क चालू ठेवलेले प्रत्येक मिनिट हे संभाव्य हानीचे मिनिट असते. उन्हाविषयी सांगावयाचे तर गूगलच्या अभियंत्यांनी २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात उष्णतेचा आणि बिघाडाचा संबंध समजुतीपेक्षा पुष्कळच क्षीण आढळला. त्याच अभ्यासात आणखी दोन गोष्टी आढळल्या, आणि त्या अधिक चिंताजनक आहेत. तपासणीत पहिला दोष दिसलेली डिस्क पुढील साठ दिवसांत निकामी होण्याचा संभव निर्दोष डिस्कच्या ३९ पट होता. आणि निकामी झालेल्या डिस्कांपैकी तृतीयांशाहून अधिक डिस्कांनी आपल्या अंतर्गत नोंदींत, ज्यांस 'स्मार्ट' म्हणतात, तापमानाखेरीज कोणतीही पूर्वसूचना दिलेली नव्हती. काकांच्या डिस्कने घरघर केली, हा तिचा उपकारच म्हणावयाचा.

सीताबर्डीतील एका दुकानदाराने मोठ्या सद्भावनेने सुचविले, की 'चेकडिस्क' चालवा, एरर निघून जातील. या सल्ल्याइतका प्रचलित आणि घातक सल्ला दुसरा नाही. चेकडिस्क ही फाइलींच्या जमाखर्चाची दुरुस्ती आहे, यंत्राची नव्हे. ती चालताना डिस्कवर नवे लेखन होते, अर्धवट वाचता येणाऱ्या फाइली तोडल्या जातात, आणि थकलेल्या यंत्रास सर्व तबकडी पालथी घालावी लागते. अशी डिस्क जोडताच विंडोज जी 'फॉरमॅट करावयाचे काय?' अशी पृच्छा करते, तिलाही नकारच द्यावा. डिस्क पिशवीत घालून शीतकपाटात ठेवण्याचा तोडगाही कोणी तरी सांगतोच. त्याने तबकडीवर दव जमते. एक निरुपद्रवी तपासणी मात्र अवश्य करावी: स्मार्टच्या नोंदींत केवळ सीआरसीचा (डिस्क आणि संगणक यांच्यातील देवाणघेवाणीत झालेल्या चुकांचा) आकडा वाढत असेल, तर दोष पुष्कळदा केबलचा निघतो, आणि अल्प खर्चात संकट टळते. काकांच्या डिस्कचे तसे नव्हते. तेथे वाचता न आल्यामुळे प्रलंबित राहिलेल्या सेक्टरांची संख्या वाढत होती.

तेव्हा क्रम ठरविला: आधी नक्कल, मग दुरुस्ती, आणि दुरुस्ती करावयाची तीही नकलेवर. तितक्याच क्षमतेची नवी डिस्क आणली, पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू केले आणि 'डीडीरेस्क्यू' नावाच्या विनामूल्य साधनाने आजारी डिस्कची समग्र प्रतिकृती घेतली. या साधनाचे चातुर्य असे, की ते प्रथम सुखाने वाचता येणारा भाग उचलते, अडलेल्या जागी हट्ट धरून बसत नाही, काय मिळाले आणि काय राहिले याची नोंदवही ठेवते, आणि मधे काम थांबविले तरी त्या नोंदीवरून पुढे चालू करता येते. येथे एक इशारा मोठ्या अक्षरांत लिहावयास हवा: आज्ञा देताना मूळ डिस्क आणि कोरी डिस्क यांच्या नावांची अदलाबदल झाली, तर कोरेपणाचीच नक्कल भरलेल्या डिस्कवर उतरेल. हात थरथरत असतील तर जाणत्या माणसास बोलवावे. आणि डिस्क टक्-टक् असा ठोका देत असेल, किंवा संगणकास ती दिसतच नसेल, तर घरी काहीही न करता ती धूलिमुक्त कक्ष असलेल्या प्रयोगशाळेकडे द्यावी. खर्च जबर असतो, म्हणून गेलेल्या मजकुराचे मोल आधी स्वतःशी ठरवावे, म्हणजे तेथे घासाघीस करण्याची पाळी येत नाही.

बहुतेक सर्व काही हाती आले. काही छायाचित्रांचा खालचा भाग कायमचा राखी राहिला, त्यास इलाज नव्हता.

खरा गोंधळ उडाला तो लिप्यंतराच्या बाबतीत. नव्या संगणकावर काकांच्या फाइली बिनतक्रार उघडल्या, परंतु त्यांत मराठीच्या जागी रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे यांची अनाकलनीय गर्दी! काकांनी आपल्या जुन्या सवयीने युनिकोडपूर्व काळातील एका फॉन्टमध्ये टंकलेखन केले होते, आणि आयएसएम, श्रीलिपी, आकृती यांसारख्या प्रणालींवर ज्यांनी उमेदीची वर्षे काढली, अशा असंख्य मराठी लेखकांची, मुद्रकांची आणि कचेऱ्यांची हीच स्थिती आहे. त्या फॉन्टांत मराठी अक्षरांची चित्रे रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर बसविलेली असत. फाइलीत साठत असे तो केवळ क्रमांक, आणि त्याचे मराठी रूप फॉन्टच्या स्वाधीन. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, तरी आपले छापखाने पुढे कैक वर्षे जुन्याच फॉन्टांना धरून राहिले. आम्ही केवळ फाइली न उचलता डिस्कची समग्र प्रतिकृती घेतली होती, म्हणून तो फॉन्टही तिच्यातच सापडला. अन्यथा अक्षरे हाती येऊनही मजकूर गेलाच होता. पुढे परिवर्तकाच्या साहाय्याने सर्व मजकूर युनिकोडमध्ये आणला, आणि रफार, जोडाक्षरे व ऱ्हस्व वेलांट्या यांवर काकांनी डोळ्यांत तेल घालून हात फिरविला. ज्यांच्याकडे असा जुना मराठी मजकूर आहे, त्यांनी फाइलीबरोबर फॉन्ट जपावा, प्रत्येकाची एक पीडीएफ करून ठेवावी, आणि हे काम जुना संगणक सुरू आहे तोवरच उरकावे.

व्यवस्था लावताना पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराने रूढ केलेला नियम पाळला: एकूण प्रती तीन, त्या दोन प्रकारच्या साधनांवर, आणि एक प्रत घराबाहेर. तिसऱ्या अटीकडे लोक दुर्लक्ष करतात. परंतु एकाच कपाटातील दोन डिस्का पुरापुढे, आगीपुढे आणि चोरापुढे एकच ठरतात, हे कॅनॉल रोडवरील मंडळींस निराळे सांगावयास नको. एक डिस्क अमरावतीस काकांच्या कन्येकडे गेली, एक प्रत क्लाउडवर. मात्र फोल्डर आपोआप जुळवून ठेवणारी सेवा म्हणजे बॅकअप नव्हे. येथे चुकून पुसलेली फाइल ती तेथेही तितक्याच तत्परतेने पुसते, म्हणून जुन्या आवृत्त्या किती दिवस राखल्या जातात ते पाहून घ्यावे. घरची बॅकअप डिस्कही काम संपताच काढून ठेवावी. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' या खंडणीखोर आज्ञावलीने जगभर संगणक कुलूपबंद केले, तेव्हा जोडून ठेवलेल्या डिस्काही त्याच कुलुपात सापडल्या. एसएसडीला फिरती तबकडी नसते, म्हणून ती अमर आहे असे समजू नये; ती बहुधा घरघर न करताच जाते, आणि विजेविना वर्षानुवर्षे कपाटात ठेवण्यास ती योग्य नव्हे. विंडोजने डिस्कला बिटलॉकर हे कुलूप लावले असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरून स्वतंत्र जागी ठेवावी; ती नसेल तर उत्तम नक्कलही निरुपयोगी.

रुजुवातीचे काम काकांनी स्वतःकडे घेतले, आणि आयुष्यभर 'अस्सल बरहुकूम नक्कल' असा शेरा मारून घेण्यात गेलेल्या माणसास ते शोभलेही. दर महिन्यास ते नकलेतील काही फाइली दुसऱ्याच संगणकावर उघडून पाहतात आणि वहीत तारीख घालून सही करतात. बॅकअप पूर्ण झाल्याची हिरवी खूण ते पुरावा म्हणून ग्राह्य धरीत नाहीत.

जुनी डिस्क अद्याप त्यांच्या खणात आहे. पुढेमागे ती भंगारात द्यावयाची झाली, तर तबकड्यांना आरपार छिद्रे पाडूनच द्यावी, कारण फाइली नुसत्या पुसलेल्या डिस्कवरील मजकूर परत काढणारे लोक असतात, आणि ही डिस्क तर बराचसा मजकूर अजूनही वाचू देते.