रांगोळीच्या ठिपक्यांचं गणित

प्रश्न : मी दुसरीला शिकवते. दिवाळीची सुट्टी जवळ आली की वर्गाचं गणितात लक्ष राहत नाही. काय घ्यावं?

उत्तर : पणत्या रंगवायची कार्यपत्रकं बाजूला ठेवा, त्यांत गणित कमी, रंगकामच जास्त. ठिपक्यांची रांगोळी घ्या. फरशीवर खडूने सारख्या अंतरावर सात ठिपक्यांची ओळ काढा. तिच्या वर आणि खाली, मध्य धरून, पाच, तीन, एक. एकूण किती, याचा आधी अंदाज सांगू द्या, मग मोजू द्या. उत्तर 25. कुणी ओळीओळीने मोजेल. कुणी मधल्या ओळीसकट वरचे 16 मोजून दुप्पट करेल आणि 32 म्हणेल. लगेच दुरुस्त करू नका, वाद होऊ द्या. मधली ओळ दोनदा मोजली गेली, हे मुलांनाच सापडतं.

मग अर्धी नक्षी तुम्ही जोडा, उरलेली आरशातल्यासारखी मुलं पुरी करतील. ‘सममिती’ हा शब्द नंतर आला तरी चालतो. रांगोळीची पूड मात्र टाळा, वर्ग शेवटी तुम्हालाच झाडावा लागतो! चिंचोके चालतील.

ज्यांचं लवकर आटोपेल त्यांना ठिपके तिरके बघायला सांगा : चार, तीन, चार, तीन अशा सात रांगा दिसतात.