ज्वारीच्या दोन बियाण्यांची पारख : दाणा आणि कडबा



वाशीम जिल्ह्याच्या काळ्या जमिनींत आतां खरिपास सोयाबीनचा पसारा फार झाला असून ज्वारी मागें हटली आहे. सोयाबीनचें कुटार मिळतें खरें, परंतु केवळ त्यावर बैलजोडी उन्हाळा काढीत नाहीं. गंजी सरली कीं चैत्रांत बैल बाजारीं न्यावा लागतो, आणि पेरणीच्या तोंडावर अधिक पैसे देऊन दुसरा आणावा लागतो. म्हणून ज्यांच्या मनांत पुन्हां एक-दोन एकर ज्वारी पेरण्याचें आहे त्यांनीं बियाणें कसें पारखावें, हें ह्या पाठांत पाहूं.

सन 1964 सालीं सी. एस. एच. 1 ही भारतांतील ज्वारीची पहिली संकरित जात प्रसृत झाली. ती बुटकी व लवकर पिकणारी होती. दाणा पुष्कळ, पण ताट आंखूड, म्हणून कडबा थोडा. शिवाय दाणा भरतांना पाऊस सांपडला कीं कणसांवर काळी बुरशी धरे. पुढें निघालेल्या सी. एस. एच. 9 सारख्या जातींत ताट उंच झालें आणि दाणा व कडबा ह्यांचा मेळ बराच बसला. सोलापूर जिल्ह्यांतील मोहोळ येथें निवडून काढलेली मालदांडी दोन्ही बाबतींत नांवाजलेली आहे. परंतु ती रब्बीची, ओल धरणाऱ्या भारी जमिनीची. तिची खरिपाच्या जातीशीं तुलना करूं नये.

ह्या भागास कोणत्या जाती योग्य आहेत हें अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठांत विचारावें. पिशवीवरील चित्रावर मात्र भिस्त ठेवूं नये. चित्रांत कणीस दिसतें, ताट दिसत नाहीं!

याहून उत्तम म्हणजे आपल्याच शेतांत परीक्षा घ्यावी. दोन्ही बियाणीं एकाच दिवशीं, शेजारीं शेजारीं, सारख्याच खतावर पेरावीं. एक विहिरीजवळ व दुसरें माळावर पेरून केलेला न्याय हा न्याय नव्हे. कापणीच्या वेळीं प्रत्येकाच्या मधोमध 33 फूट लांब व 33 फूट रुंद असा चौकोन आंखावा. तो एक गुंठा होय. बांधालगतची जागा सोडावी. त्यांतील कणसें निराळीं मळून दाणा तोलावा. कडबा मात्र कापल्याबरोबर तोलूं नये. ताटें वाळून कडकड मोडूं लागलीं म्हणजे तोलावा, नाहीं तर पाण्याचेंच वजन होतें. आलेल्या वजनास 40 नीं गुणिलें कीं एकराचा हिशेब निघतो.

समजा, पहिल्या बियाण्याचा गुंठ्यास 30 किलो दाणा व 60 किलो कडबा आला, आणि दुसऱ्याचा 26 व 95. एकरीं पहिल्याचा दाणा 160 किलो अधिक, तर दुसऱ्याचा कडबा 1,400 किलो अधिक. एका बैलास रोज 8 किलो कडबा धरिला तर जोडीस चार महिन्यांना 1,920 किलो लागतो. म्हणजे पहिल्याच्या एकरावर एक जोडी निभावते, दुसऱ्याच्या एकरावर जवळजवळ दोन. ज्याच्या गोठ्यांत बैल आहेत व ज्याच्या नाहींत, त्या दोघांचें उत्तर एकच असेल असें नाहीं.

पुढील सालच्या बियाण्याचाही विचार करावा. संकरित ज्वारीचे दाणे पुन्हां पेरले तर पीक एकसारखें येत नाहीं. तें बी दरसाल विकतच घ्यावें लागतें. सुधारित सरळ जातीचें बी घरीं राखतां येतें. त्यासाठीं शेताच्या मध्यभागीं, दुसऱ्या जातीपासून दूर असलेलीं निरोगी कणसें कापणीपूर्वींच निवडून ठेवावीं.

आणखी एक गोष्ट. कोवळी ज्वारी, विशेषतः पावसानें ताण दिलेली, तसेंच कापणीनंतर बुडख्यांस आलेले हिरवे फुटवे, ह्यांत विष असतें. अशा शेतांत उपाशी जनावर सोडूं नये. खाऊन तें धांपा टाकूं लागलें व लडखडलें, तर सकाळची वाट न पाहतां पशुवैद्यास बोलावावें.